राजाच्या नावाचे घर

विद्यार्थिमित्रहो, थोर पुरुषांची चरित्रे वाचावीत, असे आपणांस लहानपणापासून सांगण्यात येते. परंतु थोर कोणास म्हणावे, असा प्रश्न केला असता ज्याने लढाई जिंकली, राज्य स्थापिले किंवा एखादे नवे यंत्र शोधून काढले, त्याच्याकडेच आपले बोट सहज वळते. आज ज्या गृहस्थांचे चरित्र आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो, त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. लोकांनी अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेल्या आणि मोडीत घालण्यासाठी अंगणात काढलेल्या वस्तू त्यांनी उचलल्या, घरी आणल्या व हयातभर जपल्या. एवढ्या एका कामामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. हे गृहस्थ म्हणजे पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर होत.

पुण्यास शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याच्या लगत, त्यांचे संग्रहालय आहे. त्याचे नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. हे नाव प्रथमच ऐकणाऱ्या पुष्कळांचा असा समज होतो की, केळकर हे कोणी संस्थानिक असावेत आणि राजा ही त्यांची पदवी असावी. आमचाही बरीच वर्षे तसाच समज होता. परंतु शाळेच्या हजेरीपटावर आपली नावे कशी लिहिलेली असतात, ते आठवून पाहा. प्रथम विद्यार्थ्याचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव. त्या रीतीने हे नाव वाचले म्हणजे त्याचा खरा अर्थ उलगडतो. ते दिनकररावांचे नाव नसून त्यांच्या राजा नावाच्या मुलाचे आहे. या मुलाची हकीकत पुढे यथास्थळी येईलच.

दिनकररावांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी पुणे जिल्ह्यात, मावळ भागातील कामशेतजवळच्या करंजगाव या खेड्यात झाला. पुण्यात त्यांच्या घराण्याचे चष्म्यांचे दुकान होते व त्या धंद्यात तेही पडले. दुकान चालवावे, हिशेब ठेवावा आणि अधू नजरेच्या माणसास स्पष्ट दिसेल अशी काच बसवून द्यावी, असा त्यांचा दिनक्रम असे. याखेरीज त्यांस कवितेचा नाद होता. अज्ञातवासी या टोपणनावाने त्यांनी कविता लिहिल्या व त्या काळच्या मराठी वाचकांस ते त्याच नावाने परिचित झाले. पांडवांनी अज्ञातवासाचे वर्ष विराटाच्या घरी सेवकांच्या वेषात काढले, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. हे टोपणनाव त्यांनी कोणत्या हेतूने घेतले असेल ते असो. पुढे ज्या वस्तूंवर त्यांनी जीव लावला, त्यांची स्थिती मात्र नेमकी अशीच होती. गुण अंगी असून त्या कोणाच्याही नजरेस न पडता घरोघरच्या कोपऱ्यांत दिवस कंठीत होत्या.

संग्रहाचा प्रारंभ सुमारे १९२० साली झाला. तो काळ कसा होता, हे समजून घेतल्यावाचून या कामाचे मोल ध्यानी येणार नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तिच्यामागून सरदारांच्या व कारभाऱ्यांच्या घराण्यांची भरभराट हळूहळू ओसरली. पुढील पिढ्यांस मोठमोठे वाडे सांभाळणे जड झाले. तशात विलायतेहून यंत्रावर तयार झालेला स्वस्त माल गावोगावी येऊन पोहोचला. रॉकेलचा कंदील आला तशी तेलाची समई देवघरापुरती उरली. चिनी मातीच्या कपबश्या आल्या तशी जुनी भांडी मागे सरली. टाक आणि बाटलीतील शाई आली तशी बोरू व दौत यांची गरज संपली. नवे सोयीचे होते, म्हणून लोकांनी ते घेतले, यात त्यांचा काही दोष नाही. परंतु जुन्याचे काय करावे, याचा विचार कोणी केला नाही.

येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मातीचे मडके फुटले तर त्याचे खापर उकिरड्यात पडून राहते आणि हजार वर्षांनी उत्खनन करणाऱ्यास सापडते. पितळ व तांबे यांचे नशीब उलटे आहे. त्यांस वजनावर भाव मिळतो. म्हणून घरात अडचण आली की प्रथम तीच बाहेर निघतात. कारागिराने महिना महिना खपून घडविलेला दिवा आणि ठोक्याने केलेली साधी परात ही दोन्ही तराजूत सारखीच. दोहोंचा रस होतो व त्यातून नवे भांडे ओतले जाते. वस्तू टिकाऊ धातूची, पण टिकते मात्र मातीची! दिनकररावांची स्पर्धा इतर कोणा संग्राहकाशी नव्हती. ती या तराजूशी आणि या भट्टीशी होती.

जुन्याचा शोध घेणारी माणसे पुण्यात त्या वेळी नव्हती असे नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले होते. पाठीवर वळकटी टाकून ते गावोगाव हिंडत व जुने कागद मिळवीत. ते आपल्या मुलखातही येऊन गेले. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची जी प्रत छापून प्रसिद्ध केली, ती त्यांस बीडच्या पाटांगणात मिळाली होती. परंतु कागद म्हणजे लिहिता येणाऱ्यांचा इतिहास. दळणाऱ्या बाईने, लोहाराने, तांबटाने किंवा सुपारी कातरणाऱ्या म्हाताऱ्याने आपले दप्तर कोठे ठेवले? त्यांच्या हातची वस्तू हाच त्यांचा कागद. राजवाड्यांनी दप्तरे वाचविली; हा दुसरा कागद वाचविण्याचे काम दिनकररावांनी अंगावर घेतले.

त्या काळी आपल्या देशात मोठी संग्रहालये होती. कलकत्त्याचे १८१४ साली निघाले होते आणि मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय १९२२ साली लोकांस खुले झाले. तेथे देवदेवतांच्या मूर्ती, राजांची नाणी व दरबारातील चित्रे यांस मानाचे स्थान असे. रोजच्या वापरातल्या वस्तूंस असे स्थान क्वचितच लाभे. दिनकररावांच्या संग्रहात याच वस्तू पुढे आल्या. तेथे सुपारी कातरण्याचे अडकित्ते पाहावेत. कोणी पोपटाच्या आकाराचा, कोणी घोड्याच्या, तर कोणी स्त्रीपुरुषांच्या जोडीचा. अंघोळीच्या वेळी टाचा घासण्याच्या वजऱ्या पाहाव्यात. पायाखाली जाणाऱ्या त्या वस्तूवरही ओतकामाची नक्षी आहे. पानदाने, दौती, फण्या, कुलुपे, हुक्के, गंजिफा, लहान मुलांची खेळणी, कळसूत्री बाहुल्या, वाद्ये, कोरीव दारे आणि दिव्यांचे तर किती प्रकार! समई, लामणदिवा, हाती निरांजन घेतलेली दीपलक्ष्मी, अशा शेकडो रूपांनी तेथे उजेड उभा आहे. भारतातील दिव्यांवर त्यांनी एक पुस्तकही लिहिले.

या वस्तू पाहताना मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. अडकित्त्याचे काम सुपारी कातरण्याचे. त्यास दोन पाती व एक खिळा पुरे आहे. मग त्यास पोपटाची चोच कशासाठी? ज्या कारागिराने ती केली, त्यास त्याबद्दल चार पैसे अधिक मिळाले असतील किंवा मिळालेही नसतील. परंतु हातातील काम नुसते पुरे करावयाचे नसून चांगले करावयाचे, ही त्याची वृत्ती त्या चोचीत शिल्लक राहिली आहे. त्याचे नाव आज कोणासही सांगता येत नाही. त्याची वृत्ती मात्र काचेच्या कपाटात सर्वांस दिसते.

संग्रह करणे हे ऐकण्यास सोपे वाटते, पण करण्यास अत्यंत कष्टाचे आहे. दिनकररावांजवळ संस्थानिकाचा खजिना नव्हता. पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून, जुनी वस्तू आहे अशी कुणकुण लागेल तिकडे ते जात. प्रथम महाराष्ट्रात, पुढे गुजरात, राजस्थान, दक्षिण देश, असे करीत त्यांनी सबंध भारत पालथा घातला. या कामी त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ त्यांस अखेरपर्यंत लाभली. ही साथ लहानसहान समजू नये. संसारात जो पैसा आला असता, तो दिव्यांत व दारांत गेला. जी खोली माणसांस मिळावयाची, ती वस्तूंनी व्यापली. नवऱ्याच्या वेडास वेड न म्हणता आपलेच काम समजणारी सहचारिणी नसती, तर हा संग्रह पहिल्या दहा वर्षांतच थांबला असता, असे आम्हांस वाटते.

वस्तू घरी आली म्हणजे काम संपले असेही नाही. खरे काम तेथून सुरू होते. तांब्यापितळेवर हिरवा कळंक चढतो, लोखंडास गंज लागतो, लाकडास वाळवी व कसर खाते, कापड घडीवर विरते आणि चित्राचा रंग उन्हाने उडतो. प्रत्येकाचे औषध निराळे. घरी आपण चिंच व राख यांनी भांडे लखलखीत घासतो, ते रोजच्या भांड्यास योग्यच आहे. परंतु दोनशे वर्षांच्या दिव्यावर तोच प्रयोग सारखा केला, तर नक्षीची धार झिजते व अंगावरील जुनी झाक निघून जाते. दुरुस्ती अशी असावी की वस्तू टिकावी, पण तिचे वय पुसले जाऊ नये. याहूनही मोठे काम नोंदीचे. वस्तू कोठून आली, तिचे नाव काय, ती कोणत्या कामास येत असे, हे लिहून ठेवले नाही, तर वस्तू उरते पण मुकी होते.

आता राजाची हकीकत सांगितली पाहिजे. दिनकरराव व कमलाबाई यांचा राजा हा एकुलता एक मुलगा. तो अवघ्या सात वर्षांचा असताना निवर्तला. सात वर्षांचे मूल म्हणजे आपल्या शाळेत पहिली दुसरीच्या बाकावर बसणारे मूल. ज्या घरी असा घाला पडतो, त्या घरची स्थिती आम्ही शिक्षक या नात्याने पाहिली आहे. दप्तर खुंटीवर तसेच राहते; कपडे कोणाला द्यावेत की ठेवावेत, हे ठरत नाही; नाव घेतले तरी दुःख आणि न घेतले तरी दुःख. कित्येक आईबाप त्या दुःखाने पुढे मुकेच होतात.

दिनकररावांनी व कमलाबाईंनी काय केले, ते पाहा. त्यांनी आपला हा सारा संग्रह त्या मुलाच्या नावे केला. बाप आपल्या मुलास घर, शेत, दागिने ठेवून जातो. येथे वारस बापाआधीच गेला होता. तरीही बापाने त्याच्यासाठी गोळा करण्याचे सोडले नाही. मिळविलेली प्रत्येक वस्तू राजाची, आणि राजा नसल्यामुळे ती पाहावयास येणाऱ्या सर्व मुलांची! एका घरातील रिकामी जागा त्यांनी अशी भरून काढली की त्या जागेत हजारो लोक येऊन बसले. आम्हांस या चरित्रातील सर्वांत थोर भाग हाच वाटतो. शोकास आवर घालणे पुष्कळांस जमते. शोकास काम देणे थोड्यांस जमते.

१९६० च्या सुमारास संग्रहातील वस्तूंची संख्या १५,००० पर्यंत गेली होती. १९६२ साली संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. पुढे १९७५ साली दिनकररावांनी तो सबंध संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. जागेच्या अभावी त्यांपैकी सुमारे २,५०० एका वेळी मांडलेल्या असतात. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी कोथरूड येथे मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेषही तेथे आणून पुन्हा उभे केलेले आहेत. दिनकररावांस दीर्घायुष्य लाभले. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, ते निवर्तले.

येथे कोणी सुज्ञ पालक अशी शंका काढील की, वस्तूंवर इतका जीव लावणे हे चांगले काय? मुलांस आपण लोभ धरू नये असे शिकवितो. मग ज्याने वीस हजार वस्तू जमविल्या त्याचा आदर्श त्यांच्यापुढे का ठेवावा? शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की, लोभी मनुष्य आणि संग्राहक हे दोघेही गोळा करतात, परंतु दोघांची परीक्षा शेवटी होते. लोभी मनुष्य कुलूप लावतो. दिनकररावांनी दार उघडले. लोभी मनुष्यास वस्तूची किंमत हवी असते. यांनी किंमत नसलेल्या वस्तूच हाती घेतल्या. आणि अखेर, ज्या मालासाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले, तो त्यांनी जिवंतपणीच समाजास देऊन टाकला. हातात काही न ठेवता जाण्याची तयारी ज्याची आहे, त्याने गोळा केले तर ते पाप नव्हे.

जुन्या घरगुती वस्तूंचे हे प्रेम एका पुण्यातच उपजले असे नाही. दुसऱ्या देशांतही अशी माणसे आहेत, आणि त्यांच्या प्रेमाचे विषय ऐकून आपणांस मौज वाटेल. इंग्लंडात व अमेरिकेत धूळ ओढून घेणारी जुनी यंत्रे, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, जमविणारे कित्येक जण आहेत. या यंत्राची कथा मोठी मनोरंजक आहे. १९०१ च्या सुमारास लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअराने धूळ वाऱ्याने उडविणारे एक यंत्र पाहिले. उडालेली धूळ पुन्हा तेथेच बसते, त्याऐवजी ती ओढून का घेऊ नये, असे त्याच्या मनात आले. त्याने खुर्चीच्या गादीवर हातरुमाल पसरला, त्यास तोंड लावून जोराने श्वास आत ओढला आणि रुमालाच्या खालच्या अंगास काळा डाग उमटलेला पाहिला. झाले, शोध लागला! त्याचे पहिले यंत्र इतके अवाढव्य होते की ते घोड्याच्या गाडीवर ठेवून घरापुढे उभे करीत आणि खिडक्यांतून लांब नळ्या आत सोडीत. १९०२ साली सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्याने साफ केले. तिकडे अमेरिकेत ओहायो प्रांतातील जेम्स स्पँग्लर या झाडलोट करणाऱ्या माणसास धुळीने दम लागे. त्याने पंखा, पेटी व उशीचा अभ्रा जोडून हाताने फिरविण्याचे विजेचे यंत्र केले व १९०८ साली त्याचे पेटंट मिळविले. त्याचे हक्क पुढे हूवर घराण्याकडे गेले व ते यंत्र घरोघर पसरले.

आज तीच यंत्रे नव्यांपुढे निकामी ठरली आहेत. त्यांचे संग्राहक ती अडगळीतून आणतात, जळालेल्या मोटारीस नवी तार गुंडाळतात, चिरलेला रबरी पट्टा बदलतात, फाटलेली पिशवी शिवतात आणि एका मेलेल्या यंत्राचे भाग काढून दुसऱ्यास जिवंत करतात. ते सुरू होऊन गुरगुरू लागले की त्यांस धन्य वाटते. एखादा म्हणेल, जुन्या झाडूयंत्राचे एवढे कौतुक कशाला? परंतु पुण्यातील वजरी आणि लंडनमधील हे यंत्र यांत तत्त्वतः भेद नाही. दोन्ही गोष्टी हेच सांगतात की, माणसाने आपल्या रोजच्या कष्टातून वाट कशी काढली. जे आज आपल्या घरी नवे आहे तेही उद्या जुने होईल. आजोबांचा रेडिओ पाहा. तो कालपर्यंत घराचा मान होता आणि आज माळ्यावर आहे.

आता आमच्या स्वतःच्या एका चुकीची हकीकत सांगितल्यावाचून हा लेख संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्या आजीचे एक तांब्याचे घंगाळ होते. त्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी तिचे नाव व लग्नाचे साल घातलेले होते. आजी गेल्यावर ते वाड्यातल्या कोपऱ्यात पडून राहिले. आम्ही गाव सोडून नोकरीच्या गावी बिऱ्हाड केले, तेव्हा दोन खोल्यांत त्यास जागा नव्हती. आम्ही ते मोडीत घातले. दुकानदाराने वजन केले, आम्ही पैसे घेतले, आणि त्या पैशांतून स्टीलचे पिंप आणले. त्या दिवशी आम्हांस आपण व्यवहारी आहो असेच वाटले. पुढे काही वर्षांनी आमच्या मुलीने पणजीचे लग्न कोणत्या साली झाले, असे विचारले. आम्हांस आठवेना. ते साल फक्त त्या घंगाळावर लिहिलेले होते, आणि ते आम्ही किलोच्या भावाने विकून टाकले होते. पदवी घेऊन इतिहास शिकविणाऱ्या माणसाच्या हातून ही गोष्ट घडली, याची लाज आम्हांस अजून वाटते. आपणांपैकी कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून ती येथे लिहिली आहे.

आपला बीड जिल्हा या बाबतीत अगदीच कोरा आहे असे कोणी समजू नये. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. त्यांचा काळ १५५१ ते १६१५. पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचे जाडेभरडे कापड. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा त्या कापडावर त्यांनी पंचीकरण हा आपला ग्रंथ स्वहस्ते लिहिला. कापडासारखी नाशिवंत वस्तू चारशे वर्षे टिकली ती आपोआप नव्हे. पिढ्यान् पिढ्या कोणी तरी तिची घडी सांभाळली, ओल लागू दिली नाही व कसरीपासून राखली, म्हणून टिकली. त्या सांभाळणाऱ्यांची नावे कोणी पाठ करीत नाही, पण त्यांच्यावाचून ग्रंथकाराचे अक्षर आज आपणांस दिसले नसते.

कोणी विद्यार्थी मनात म्हणेल, आमच्या घरी ना वाडा, ना पितळेचा लामणदिवा; आम्ही काय जपावे? आपल्या शाळेतील कित्येकांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीस बाहेरच्या जिल्ह्यांत जातात व चार-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतात. त्यांच्या बिऱ्हाडात एक कोयता, दोन पातेली आणि एक गोधडी एवढाच संसार असतो. परंतु तेच जपण्यासारखे आहे. ज्या कोयत्याची मूठ बापाच्या हाताने झिजून गुळगुळीत झाली आहे, त्या मुठीत एका घराचे वीस हंगाम आहेत. नवराबायकोच्या जोडीसच मुकादम एक कोयता म्हणून मोजतो, हेही त्या वस्तूबरोबर लिहून ठेवावे. पुढच्या माणसास त्यावरून बरेच समजेल. आजीने जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी उलगडली तर घरातील कोणी केव्हा काय नेसले, याची ती वहीच आहे. दिनकररावांनी आपणांस हेच दाखविले की, वस्तूचा मान तिच्या धातूवर नसून तिच्यात मुरलेल्या हातांवर असतो.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत एक काम करा. एक साधी वही घ्या. घरातील सर्वांत जुन्या दहा वस्तू शोधा. जाते, पाटा-वरवंटा, रवी, शिंके, पाभरीचे चाडे, मोटेचे चाक, चिमणी, अडकित्ता, जे सापडेल ते. प्रत्येकीचे चित्र काढा. तिच्या भागांची नावे आजीआजोबांस विचारून लिहा. ती कोणी आणली, कोठून आणली व कोणत्या कामास येई, तेही लिहा. भांड्यावर नाव घातलेले असेल तर ते जसेच्या तसे उतरून घ्या. हे काम लांबणीवर टाकू नका. वस्तू शंभर वर्षे थांबेल, पण तिचे नाव सांगणारी आजी थांबणार नाही. पालकांसही आमची नम्र विनंती आहे की, जुने सामान मोडीत काढण्यापूर्वी ते एकदा मुलांसमोर मांडावे व त्यांस त्याची हकीकत सांगावी. मग जागेअभावी वस्तू गेलीच, तरी तिची नोंद घरात राहील.

आणि पुण्यास जाल तेव्हा शनिवारवाडा व सिंहगड यांबरोबर या संग्रहालयातही अवश्य जा. आत शिरण्यापूर्वी दारावरचे नाव वाचा, आणि ते हजेरी घेताना आम्ही वाचतो तसे वाचा. त्या नावाच्या मुलास ओ देता येणार नाही. परंतु त्याच्या आईबापांनी जमविलेले दिवे आपणांपुढे उभे असतील, आणि त्यांच्या खाली एखादी जुनी वस्तू पाहत कोणाचे तरी सात वर्षांचे मूल उभे असेल.